कलम सतरा आणि लिंबायतची शाळा

अध्ययन अक्षमतेची व्याख्या कायद्यात नकोच, मुलांवर शिक्के मारू नका, सगळ्यांनाच नीट शिकवा, असे म्हणणारे लोक हल्ली सज्जनांतच जास्त भेटतात. त्यांच्या म्हणण्याला आधार नाही असेही नाही. ज्युलियन एलियट आणि एलेना ग्रिगोरेंको यांनी 2014 मध्ये पुस्तक लिहून डिस्लेक्सियाच्या निदानाची शास्त्रीय सीमारेषा किती पुसट आहे ते दाखवले. पण एलियट यांच्या इंग्लंडात शिक्का नसलेल्या मुलासाठीही शाळेत विशेष गरजांचे काम पाहणारा शिक्षक नेमलेला असतो, आणि तो नेमणे शाळेवर बंधनकारक आहे. सुरतेतल्या लिंबायतमध्ये शिक्का पुसला तर मुलाच्या वाट्याला काय उरते? वर्गातल्या बाईंची मर्जी. ती चांगली असेलही, पण जूनमध्ये बाई बदलतात.

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा हा सुरतेचा खान्देश. जळगाव, धुळे, नंदुरबारहून तापी लाइनच्या गाडीने लूमवर आलेल्या घरांतली मुले महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांत बसतात. घरी अहिराणी, वर्गात मराठी, रस्त्यावर गुजराती, पुस्तकांत हिंदी आणि इंग्रजी. लिप्याही तीन. गुजरातीला शिरोरेषा नाही आणि तिचे क, ख, ज देवनागरीपेक्षा निराळ्या वळणाचे. त्यात 2023 मध्ये गुजरात विधानसभेने कायदा करून पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली. राज्यात राहायचे तर राज्याची भाषा यावी, यात गैर काही नाही, आणि साधारण मूल हे सगळे पचवतेही. ज्या मुलाला एकाच लिपीतली अक्षरे धड ओळखू येत नाहीत, त्याचे काय, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर फार जुने नाही. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. 2009 चा शिक्षण हक्क कायदाही अपंगत्वासाठी त्याच सात प्रकारांकडे बोट दाखवून मोकळा झाला. महाराष्ट्राने मात्र 1996 पासूनच अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या: जादा वेळ, एका भाषेऐवजी दुसरा विषय. त्या सवलती नवापूरची हद्द ओलांडत नव्हत्या. (नवापूर स्थानकाचा अर्धा फलाट गुजरातेत आहे.) 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, सातचे एकवीस प्रकार झाले आणि ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ देशभर एकाच व्याख्येने मोजली जाऊ लागली. बोली वा लिखित भाषा मनात उकलण्यातली उणीव, तिच्यामुळे समजणे, बोलणे, वाचणे, लिहिणे, शुद्धलेखन किंवा गणित अडणे, असा तिचा आशय आहे. डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया ही नावेही तिच्यातच आहेत.

व्याख्येमागे उभे आहे याच कायद्याचे कलम 17. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, अशी परीक्षेत आणि अभ्यासक्रमात दुरुस्ती करणे हे त्या कलमाने सरकारचे काम ठरवले. सक्तीची भाषा आणि भाषेतून सूट समोरासमोर आल्या की पालकाच्या हाती दुसरे काही नसते, व्याख्येत बसणारे निदान तेवढे असते. व्याख्या गेली की तो हक्क मागणारा राहत नाही, मेहेरबानी मागणारा होतो. लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या बापाला मुख्याध्यापकांसमोर मेहेरबानी मागणे किती जमते, हे वेगळे सांगायला नको.

यात एक खोच शाळांना सोयीची पडते. चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणा, मग बघू, असे सांगून पालकाला वाटेला लावले जाते. चाळीस टक्क्यांची अट नोकरीतल्या आणि उच्च शिक्षणातल्या राखीव जागांसाठी आहे. कलम 17 मध्ये ती नाही, तिथे नुसते ‘दिव्यांग विद्यार्थी’ म्हटले आहे. लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराला लेखनिक देताना सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2021 मध्ये हेच बजावले, की अशी सोय चाळीस टक्क्यांवर अडवता येणार नाही.

खोट्या प्रमाणपत्रांचे काय, असेही विचारले जाते. पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून 2024 मध्ये उठलेला गदारोळ ताजा आहे. पण खोटे पकडायलाही आधी खरे कशाला म्हणायचे ते लिहून ठेवावे लागते. व्याख्या सैल केली तर फावते ते ओळखीपाळखी असलेल्यांचेच.

व्याख्येत उणीव आहे, ती मात्र दाखवायलाच हवी. तिची बरीचशी शब्दरचना अमेरिकी कायद्यातून आली आहे, पण तिथले एक वाक्य आपल्याकडे गाळले गेले. गरिबी, परकी संस्कृती किंवा परिस्थिती यांमुळे मागे पडणे म्हणजे अध्ययन अक्षमता नव्हे, असे ते वाक्य. लिंबायतमध्ये हे वाक्य सर्वांत जास्त लागते. गुजराती अजून कानावरून नीट गेलेली नाही म्हणून अडखळणारे मूल आणि कोणत्याच भाषेत अक्षर न जुळणारे मूल, दोन्ही कागदावर सारखीच चुकतात. पहिल्याला शिकवायचे असते, दुसऱ्याला वेगळ्या पद्धतीने शिकवायचे असते.

दोघांत फरक करायचा तर मुलाला त्याच्या भाषेत तपासले पाहिजे. केंद्राच्या 2018 च्या सूचनांनी प्रमाणपत्राचे किमान वय आठ ठरवले आणि चाचणी निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची सांगितली, जी मूळची इंग्रजी वाचन-लेखनावर बेतलेली आहे. आठ म्हणजे तिसरी. शिक्षण हक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, ती गुजरातने घेतली. म्हणजे तपासायला दोन वर्षे हाताशी आहेत आणि साधनही आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच आणला. त्या पहिल्या संचात गुजराती नव्हती. हिंदी, कन्नड, इंग्रजी होत्या आणि मराठीही होती. तो मराठी शाळांसाठी मागवायला सुरत महापालिकेला कोणताही कायदा बदलावा लागत नाही.