गृहीत धरलेला होकार

जुलै २०२३मध्ये फेडोरा लिनक्सच्या चाळिसाव्या आवृत्तीसाठी रेड हॅट कंपनीच्या काही अभियंत्यांनी एक प्रस्ताव मांडला. लोक संगणक कसा वापरतात याची माहिती गोळा करायची, पण कोणाचे नावगाव घ्यायचे नाही. कोड खुला असल्याने काय पाठवले जाते ते कोणीही तपासावे. इथवर तक्रारीला जागा नव्हती. मात्र नवी प्रणाली पहिल्यांदा सुरू करताना दिसणाऱ्या पानावर माहिती पाठवण्याचे बटण आधीपासूनच ‘चालू’ असणार होते. कारणही उघड सांगितले होते. बटण बंद ठेवले तर फार थोडे लोक ते चालू करतील आणि तेवढी माहिती कामाची ठरणार नाही.

हे कारण पुन्हा वाचावे. सरळ विचारले तर बहुतेक जण ‘हो’ म्हणणार नाहीत, हे मांडणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून न दिलेले उत्तरही ‘हो’ धरले जाईल, अशी रचना केली. घाईघाईने ‘पुढे’ दाबणाऱ्याने संमती दिली, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असे युरोपीय न्यायालयाने कुकींच्या प्रकरणात २०१९मध्येच सांगितले आहे. आपला २०२३चा डेटा संरक्षण कायदाही स्पष्ट कृतीतून दिलेली संमती मागतो. निनावी माहितीला हे नियम लागतात की नाही, ते वकील पाहतील. वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या सॉफ्टवेअरने पळवाटेवर विसंबू नये.

विरोध झाला आणि फेडोरा ४०मध्ये ते बटण आले नाही. पण युक्तिवाद जिवंत आहे.

त्याला डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचे उत्तर जुने आहे. डेबियन बसवताना, पॅकेजांच्या वापराच्या पाहणीत भाग घ्यायचा का, असा प्रश्न येतो. तिथे ‘नाही’ आधीच निवडलेले असते. नुसते एंटर दाबत जाणाऱ्याच्या संगणकातून काहीच बाहेर जात नाही. जो थांबून ‘हो’ निवडतो, त्याच्याकडून आठवड्यातून एकदा यादी जाते: कोणती पॅकेजे आहेत, अलीकडे कोणती वापरली. पहिल्या सीडीवर काय घालायचे, अशा निर्णयांसाठी ती लागते, हे प्रश्नासोबतच लिहिलेले असते. जमलेले आकडे सर्वांसाठी खुले असतात.

अशी स्वेच्छेची माहिती एका बाजूला झुकलेली असते, हे खरेच. पण तिचा कल काही अंशी ओळखता येतो, तो धरून हिशेब करता येतो. शिवाय किती माहिती लागते? गो या प्रोग्रामिंग भाषेच्या चमूचे तेव्हाचे प्रमुख रस कॉक्स यांचाच हिशेब आहे: सुमारे १६ हजार नमुन्यांत चूक एका टक्क्याच्या आत राहते. त्यांनीही फेब्रुवारी २०२३मध्ये आधी ‘चालू’चाच मार्ग सुचवला होता. टीका झाली, त्यांनी ती ऐकली. ऑगस्ट २०२४च्या १.२३ आवृत्तीत ती सोय आली; तिच्यात मोजणी संगणकातच राहते, परवानगी दिल्याशिवाय बाहेर जात नाही. अडले काहीच नाही.

नाव गाळले की माणूस ओळखू येत नाही, हे मोठ्या गर्दीपुरतेच खरे आहे. मराठी इंटरफेस, मॉरिशसची वेळ आणि लॅपटॉपचे एखादे जुने मॉडेल. या तीन निनावी नोंदी एकत्र आल्या की मागे किती माणसे उरतील? कदाचित एकच. धोका त्या माणसाचा आहे, तेव्हा निर्णयही त्याचाच हवा.

याच मराठी माणसाची मोजणी व्हावी, अशी गरजही आहे. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीत आणणाऱ्यांना आपले काम कोण वापरते, कुठे अडते, हे कळायला हवे. म्हणून प्रकल्पांनी बटण बंद ठेवावे, काय घेणार ते साध्या शब्दांत सांगावे आणि मग विचारावे. आणि जिथे असे विचारले जाते, तिथे वाचकांनी यादी वाचावी आणि पटले तर बटण जरूर चालू करावे.