चॅनल कुठला, बॉस?

चार गाड्या, वीकएन्ड, वरंध घाट. भोर मागे पडलं की मोबाईलची रेंज कधी टाटा करेल, नेम नाही. मग वॉकी-टॉकी निघतात. सगळे ‘चॅनल वन’वर, तरी आवाज कुणाचाच नाही! कारण चॅनलचा नंबर हे नुसतं टोपणनाव, खरी ओळख फ्रिक्वेन्सी. त्यात तो प्रायव्हसी कोड. तो तुमचं बोलणं लपवत नाहीच, उलट दुसऱ्यांचं तुम्हाला ऐकू देत नाही. वळणापलीकडे दरड आलीय हे सांगणाराही म्यूट!

आपल्याकडे २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही (सेट मात्र मान्यताप्राप्तच घ्या). त्यातली ४४६.००६२५, कोड ऑफ, हे कापूरहोळलाच ठरवून टाका. अमेरिकेत ट्रकवाले सीबी रेडिओच्या १९ नंबरवर अनोळखी ड्रायव्हरलाही पुढचा रस्ता सांगतात. आपल्या घाटांत हे का नको?

वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, केळदच्या वाटेवर डोंगर आडवा आला की हे सेटही गप्प होतात. तेव्हा मधल्या गाडीने मोकळी, उंच जागा बघून थांबायचं आणि निरोप पुढे द्यायचा.

आणि हो, अंताक्षरी दुसऱ्या चॅनलवर.