पायलट व्हायचंय? जमीन गहाण टाकण्याआधी हा हिशेब मांडा

टेंभुर्णीसारख्या (सोलापूरची नव्हे, जाफराबाद तालुक्यातली) गावातून बारावी सायन्स झालेल्या मुलाने 'पायलट व्हायचंय' म्हटलं, की घरात पहिला प्रश्न पडतो तो पैशांचा. त्यात चूक काहीच नाही.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, मिळवण्यासाठी २०० तासांचं उड्डाण, डीजीसीएच्या लेखी परीक्षा आणि रेडिओ परवाना लागतो. खर्च साधारण ५० ते ६० लाख. एवढ्यावर एअरलाइन कामावर घेत नाही. एअरबससारख्या ठरावीक विमानाचं 'टाइप रेटिंग' वेगळं करावं लागतं आणि त्याचे आणखी दहा-पंधरा लाख बहुतेकदा उमेदवारालाच भरावे लागतात.

समजा, ६० लाखांचं कर्ज ११ टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८२ हजार. एवढ्या कर्जाला बँक तारण मागतेच. म्हणजे सातबारा. मोसंबीची बाग आणि कपाशीच्या भरवशावर हा हप्ता निघणार नाही, तो पगारातूनच फेडावा लागेल.

आणि पगार कधी सुरू होईल, हे कोणीच सांगत नाही. जाहिराती २०२३ चे आकडे दाखवतात: एअर इंडियाची ४७०, इंडिगोची ५०० विमानांची ऑर्डर. आकडे खरेच आहेत. पण विमानं टप्प्याटप्प्याने, कित्येक वर्षांत येतात. त्याच २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली, त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज. अशा वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिकही नोकरीच्या रांगेत येतात आणि २०० तासवाला मागे ढकलला जातो. थांबण्यालाही खर्च आहे, कारण मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी नवं करावं लागतं.

म्हणून स्वप्न सोडायचं का? नाही. क्रम बदलायचा. फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी डीजीसीएचं क्लास १ मेडिकल करून घ्यावं. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यात अडचण असेल तर ती लाखो रुपये गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. लेखी पेपरही उड्डाणाआधी देता येतात आणि त्यांचा खर्च तुलनेने किरकोळ असतो. सोबत पदवी चालू ठेवावी. ती वेळ वाया घालवणं नव्हे, नोकरी लांबली तर तोच आधार असतो.

शाळा निवडताना गोंदिया, बारामती, धुळे ही राज्यातली ठिकाणं प्रत्यक्ष पाहावीत. किती विमानं खरोखर उडतात आणि २०० तास पूर्ण व्हायला किती महिने लागले, हे ऑफिसात नव्हे, तिथल्या विद्यार्थ्यांना विचारावं. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची सरकारी अकादमी प्रवेश परीक्षा घेते. तिथे बारावीला इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र लागतं. नीटसाठी गणित सोडलेल्यांना मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) तो विषय देता येतो.