पेठेतल्या जुन्या घरात दोन दिवस

गेला शनिवार-रविवार मी आमच्या पेठेतल्या जुन्या घरात एकटा राहिलो.

बायको-पोरं लग्नाला धुळ्याला गेलेली. कॉलनीतल्या घरात एकट्याने टीव्ही बघत बसण्यापेक्षा म्हटलं, जाऊ जुन्या घरी. अंतर म्हणाल तर गाडीवर सात-आठ मिनिटं. पण आई गेल्यापासून त्या घराशी आमचा संबंध दिवाळीची साफसफाई आणि घरपट्टीची पावती एवढाच उरलाय. मुंबई-पुण्याची मंडळी लोणावळ्याला 'सेकंड होम' घेतात. आमचं सेकंड होम नवापूरच्या भरबाजारात, कौलारू, सागवानी खांबांचं, पाच खोल्या आणि माडी.

खरं सांगतो, लई मजा आली. कुलपात खोबरेल तेल घालून ते उघडलं, ओटा धुतला, झोपाळ्याच्या कड्या पुसल्या. फोन बंद करून कोनाड्यात ठेवला. रात्री आपल्या नवापूरच्या तुरीच्या डाळीचं वरण आणि भात, वरून लसणाची फोडणी. बातमी नाही, मीटिंग नाही, "अहो, ऐकलंत का" नाही. रात्री उशिरा स्टेशनावरची अनाउन्समेंट ऐकू आली, आधी एका भाषेत, मग दुसऱ्या, तिसऱ्या. लहानपणी ती ऐकतच झोप लागायची. रविवारी सकाळी कोपऱ्यावरून फाफडा-जलेबी आणली आणि ओट्यावर बसून खाल्ली. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, "काय भाऊ, इकडे परत राहायला आले का?"

माडीवर माझ्या जुन्या कात्रणांची पेटी सापडली. फेब्रुवारी २००६. बर्ड फ्लू. देशातला पहिला प्रादुर्भाव आपल्या नवापुरात. तेव्हा मी या धंद्यात नवा होतो. बाहेरून एवढे पत्रकार आले की लॉजमध्ये जागा मिळेना. त्यातले दोघं याच माडीवर झोपले. लोक नवापूरचं नाव ऐकून लांब सरकत होते आणि आमची आई त्या अनोळखी पोरांना दोन वेळा वाढत होती. त्याच्याही आधी, मी शाळेत असताना, पुढच्या खोलीत कायम कोणी ना कोणी भाडेकरू असायचं. मास्तर, तलाठी, एकदा दवाखान्यातल्या नर्सबाई. घर कधी रिकामं नव्हतं.

हे सगळं आठवत बसलो होतो. दुपारी चारच्या सुमारास दारावर थाप पडली.

बाहेर एक माणूस आणि त्याची मुलगी. खांडबाऱ्याच्याही आत, पाड्यावर राहणारे. मुलीला इथे कॉलेजला प्रवेश मिळालेला, वसतिगृहात नंबर लागला नाही. गावातून सकाळची गाडी धरायची तर पहाटे उठून दोन किलोमीटर चालायचं, आणि परतताना अंधार. सकाळपासून दोघं पेठेत खोली शोधत होते. "भाऊ, हे घर नेहमी बंद राहतं. आज उघडं दिसलं म्हणून विचारलं. एक खोली भेटंल का?"

माझ्या तोंडून निघालं, "नाही हो, आम्ही राहतो इथे."

एवढंच नाही. 'नाही' म्हणायच्या आधी मी विचारलं होतं, "आडनाव काय?" कशाला विचारलं? आडनाव वेगळं असतं तर खोली दिली असती का? याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते लिहायला लाज वाटते. त्या माणसालाही माहीत होतं. तो "बरं भाऊ" म्हणाला आणि मुलीला घेऊन पुढच्या दाराकडे गेला. मुलगी काहीच बोलली नाही.

ज्या तालुक्यात बहुसंख्य लोक आदिवासी आहेत, जिथला विधानसभा मतदारसंघ त्यांच्यासाठी राखीव आहे, त्या तालुक्याच्या गावात त्यांच्या मुलीला खोलीसाठी आधी आडनाव सांगावं लागतं. मी पत्रकार आहे, असल्या बातम्या मीच लिहितो. पण रविवारी दाराच्या आत मी होतो.

आता कोणी म्हणेल, भाऊ, स्वतःचं घर आहे, द्यायचं की नाही तुमची मर्जी. बरोबर आहे. एकांतात दोन दिवस काढणं हा काही गुन्हा नाही. पण मी पाच खोल्या वर्षातले ३६० दिवस बंद ठेवतो आणि वर म्हणतो की पेठेत आता जीव उरला नाही, रात्री आठला सामसूम होते. माणसं आपणच बाहेर ठेवली, मग सामसूम नाही होणार तर काय?

हे एकट्या नवापूरचं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी निघाली. शहरातल्या एकूण घरांच्या साधारण १२ टक्के. एकीकडे घर नाही म्हणून ओरड, दुसरीकडे कुलपं. आपल्याकडे दुसरं घर बंद ठेवणाऱ्याला त्रासही नाही. २०१९ च्या बजेटपासून दोन घरं स्वतःच्या वापरातली म्हणून दाखवता येतात, दुसऱ्यावर काल्पनिक भाड्याचा इन्कमटॅक्स नाही. तिकडे कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर लावलाय. इथे तसा कर लावा असं माझं म्हणणं नाही. गरिबाचं पडकं घर आधी त्यात भरडलं जाईल.

लोक घरं का देत नाहीत, तर 'भाडेकरू निघत नाही' ही भीती. ती उगाच नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. १९७३ च्या दुरुस्तीने तर त्या वर्षी १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ती धास्ती आपल्या आई-वडिलांनी आपल्याकडे दिली. पण कायदा बदलला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकावर आहे. राहायला दिलेल्या जागेची मुदत संपूनही कोणी निघालं नाही तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. आपल्या जागेला काय कसं लागू होतं ते वकिलाला एकदा विचारा. पण 'काढता येत नाही' हे कारण आता जुनं झालं.

आणि पैशाचं म्हणाल, तर ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही अशा बारावीनंतरच्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. राहण्या-जेवणाची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते. ती वेळेवर यावी म्हणून आपण अधिकाऱ्यांना धारेवर धरूच. पण रक्कम आली तरी खोली कोण देणार? सरकार आपलं कुलूप उघडायला येणार नाही.

काल घरात बसून बोललो. बायको म्हणाली, "पुढच्या दोन खोल्या मुलींना द्या. माडी तुमच्या एकांताला ठेवा." कौलं फिरवायची आहेत, संडास-बाथरूम नीट करायचंय, महिनाभर लागेल. मग करार करून दोन किंवा तीन मुली. आडनाव करारावर लिहिण्यापुरतंच विचारणार.

त्या बापाचं नाव-गाव मी नीट विचारलंच नाही. नंबरही घेतला नाही. रविवारी दुपारी मुलीला घेऊन पेठेत खोली शोधणारे ते कोणाच्या ओळखीचे असतील तर त्यांना सांगा, खोली आहे. मुलीची सोय दुसरीकडे झाली असेल तर चांगलंच. नसेल तर पहिला हक्क तिचा.

आणि मंडळी, आपल्या पेठेत कुलूप लागलेली घरं कोणाकोणाची आहेत हे आपल्याला एकमेकांचं माहीत आहे. नावं मी लिहित नाही. सुरुवात माझ्या घरापासून केली आहे.