वर्धा : विस्तार कोणाचा, निवारा कोणाचा?

२००१ च्या जनगणनेत वर्धा नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे १ लाख ११ हजार माणसे राहत होती. २०११ मध्ये हा आकडा सुमारे १ लाख ६ हजारांवर आला. केवळ आकडे वाचणाऱ्याला वर्धा हे ओस पडत चाललेले शहर वाटेल. प्रत्यक्षात शहराबाहेर कोणत्याही रस्त्याने निघावे, तर घरांची रांग संपता संपत नाही. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही गावे शहराला येऊन भिडली आहेत. वर्धा घटलेले नाही. ते आपली हद्द ओलांडून शेतात उतरले आहे.

ही वाढ आपोआप झाली, असे समजणे भाबडेपणाचे होईल. नगरपालिकेच्या हद्दीत जमिनीचे भाव सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेले. हद्दीबाहेर ग्रामपंचायतीचे कर कमी आणि देखरेख सैल. तिकडे शेतकरी जमीन विकण्यास विवश झालेला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. कापूस पिकवून ज्याचे कर्ज फिटत नाही, त्याच्या दारात ले-आउटवाला रोख रक्कम घेऊन उभा राहिला, तर शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? पण त्या शेताचे भूखंड पडून ते चौरस फुटाने विकले जातात, तेव्हा वाढलेल्या किमतीतला मोठा वाटा ना शेतकऱ्याकडे जातो, ना पंचायतीकडे. तो मधल्या दलालाकडे राहतो.

भूखंड घेणाऱ्याची स्थिती काय होते? त्याला जमीन मिळते, पण नगर मिळत नाही. रस्ता कच्चा, गटार नाही, पाण्याची वाहिनी केव्हा येईल याचा भरवसा नाही. काळ्या कपाशीच्या जमिनीचा गुण असा की ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया खोल घ्यावा लागतो व घराचा खर्च वाढतो. शेजारचे दोन भूखंड कोणीतरी भाव वाढण्याची वाट पाहत रिकामे ठेवलेले असतात. त्यांत पाणी साचते, डास होतात. दूरच्या भूखंडापर्यंत नळ आणि दिवा न्यायचा खर्च मात्र सार्वजनिक तिजोरीतून होतो. अशा रीतीने सट्टेबाजाच्या रिकाम्या जागेचे भाव जनतेच्या पैशाने चढतात.

येथे थोडा हिशेब करून पाहावा. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. रस्ते व मोकळी जागा वजा जाता साठ टक्के उरले, असे धरू. दीड हजार चौरस फुटांचे भूखंड पाडल्यास सतरा कुटुंबांची सोय होते, तीही एकही भूखंड रिकामा राहिला नाही तर. त्याच साठ टक्क्यांपैकी चाळीस टक्के जागेवर तळमजला धरून तीन मजली इमारती बांधल्या, तर जिन्यांची जागा सोडूनही पाचशे चौरस फुटांची पन्नास घरे होतात. शिवाय अंगण आणि झाडे यांनाही जागा उरते. त्यासाठी मनोरे नकोत, उद्वाहन नको, चटईक्षेत्राची खैरात तर मुळीच नको.

आपल्याच कार्यकर्त्यांतून यावर दोन आक्षेप येतात व दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की, दाट वस्ती म्हणजे मुंबईची चाळ : दहा फुटांच्या खोलीत आठ माणसे. या आक्षेपात घनता आणि गर्दी यांची गल्लत होते. एकरी किती कुटुंबे राहतात, ही घनता होय. एका खोलीत किती माणसे कोंबली आहेत, ही गर्दी होय. गर्दी दारिद्र्यातून आणि चढ्या भाड्यातून जन्मते. ती विरळ वस्तीच्या झोपडीतही असते. कमी जागेत पुष्कळांना नीट राहता येते, हे गोरेगावात दिंडोशीला मृणाल गोरे, बाबूराव सामंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे दाखवून दिले. कमाल जमीन धारणा कायद्याखालील अतिरिक्त जमिनीवर तेथे सुमारे सहा हजार घरे उभी राहिली. तो १९७६ चा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. वर्ध्यासारख्या लहान शहरांना तर तो कधी लागूच नव्हता.

दुसरा आक्षेप गांधीविचाराचा. ज्या भूमीत बापू १९३६ साली शेगावला येऊन राहिले, तेथे मजल्यांवर मजले चढवायचे काय? झोपडीचा खर्च शंभर रुपयांवर जाऊ नये व साहित्य परिसरातलेच असावे, हा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. परंतु त्या आग्रहाचे मर्म गरजेहून अधिक न घेण्यात आहे. सुपीक जमीन सिमेंटखाली घालून, दोन घरांमध्ये चार रिकामे भूखंड ठेवून आणि दूध आणायलाही पेट्रोल जाळून जी वस्ती उभी राहते, तिला सेवाग्रामचा वारसा म्हणता येणार नाही. शेत वाचवायचे असेल, तर शहराने आटोपशीर राहिले पाहिजे.

तथापि एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चटईक्षेत्र वाढवले की घरे आपोआप स्वस्त होतील, हा बिल्डरांचा युक्तिवाद आपण स्वीकारता कामा नये. जमिनीच्या मालकीला हात न लावता मजले वाढवले, तर वाढतो तो जमिनीचा भाव. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि गिरणी कामगार मात्र घराच्या सोडतीची वाट पाहत राहिला. ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. वर्धा शहर आणि लगतच्या ग्रामपंचायती यांचा एकच विकास आराखडा करावा. हद्दवाढीला गावांचा विरोध असतो. कर वाढतील, गावांना मिळणाऱ्या योजना जातील आणि पंचायतीतली आपली सत्ता जाईल, ही त्यांची भीती निराधार नाही. तेव्हा टप्प्याटप्प्याने करआकारणी आणि शेतमजुरांच्या हक्कांची हमी आधी, हद्दवाढ नंतर, असा क्रम असावा. रिकाम्या भूखंडांवर दरवर्षी चढत जाणारा कर बसवावा. शेतजमीन अकृषक होताना वाढणाऱ्या किमतीचा ठराविक हिस्सा पाणी, गटारे व कष्टकऱ्यांची घरे यांसाठी राखावा. गावातल्या सरकारी जागा लिलावात न काढता त्यांवर तीन मजली भाड्याची व सहकारी घरे बांधावीत. झोपडपट्टीवासीयांना आहेत तेथेच पट्टे द्यावेत. त्यांना गावाबाहेर हाकलून कोणतीही योजना पुरी होऊ नये.

आता समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे आणि पवनारपासून निघणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाची आखणी झाली आहे. रस्त्यापाठोपाठ जमिनीचा दलाल येतो, हा आजवरचा अनुभव आहे. १८६६ साली पालकवाडीच्या जागी वर्धा वसवले गेले, तेव्हा नगराची आखणी आधी झाली आणि वस्ती मागून आली. परकीय राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी जे केले, ते लोकांच्या राज्याने लोकांसाठी करू नये काय? हा प्रश्न येत्या प्रत्येक पालिका आणि पंचायत निवडणुकीत विचारला गेला पाहिजे, आणि तो आपल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन विचारला पाहिजे.