माणसाला दाखला, यंत्राला माफी

मंडळी, आज जरा भांडायला बसलो आहे. एरवी मी इथे जुन्या सोलापूरच्या आठवणी, हुरड्याचे दिवस, एखादं वाचलेलं पुस्तक असं काहीबाही लिहितो आणि तुम्ही "छान" म्हणता. आज तसं काही नाही. ज्यांना रविवारची सकाळ शांततेत घालवायची आहे त्यांनी पुढे वाचू नये.

आमच्या घराण्यात, सौ.च्या माहेरचे धरून, आज नऊ जण संगणकाच्या धंद्यात आहेत. पुण्यात पाच, हैदराबादेत दोन, बंगळूरला एक आणि एक न्यू जर्सीत. लग्नकार्यात पंगत उठली की ही मंडळी एका कोपऱ्यात जमतात आणि मी मुद्दाम जाऊन त्यांच्यात बसतो. मला जावा कळत नाही, पायथन कळत नाही. पण माणसं कशाबद्दल कुरकुरतात ते कळतं, चौतीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत काढली आहेत राव! यांच्या बोलण्यात फिरून फिरून दोनच विषय. एक, आता कुठलं सर्टिफिकेट केलं म्हणजे पुढची नोकरी पक्की. दुसरा, घरचं नेट, घरचा राउटर, घरचा इन्व्हर्टर. पहिल्या विषयावर सगळे गंभीर होतात, दुसऱ्यावर हसतात. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि म्हणून हा लेख.

आधी साठ टक्क्यांचं बोलू. नातेवाइकांपैकी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉलेजात नोकऱ्या द्यायला ज्या मोठ्या कंपन्या येतात, त्यांच्यातल्या पुष्कळ जणींची वर्षानुवर्षं एक अट असते. दहावीला साठ, बारावीला किंवा डिप्लोमाला साठ, पदवीला साठ. तिन्ही ठिकाणी. मध्ये वर्ष वाया गेलेलं असेल तर त्याचा खुलासा वेगळा. एका ठिकाणी एकोणसाठ असेल तर परीक्षेलासुद्धा बसता येत नाही.

माझी एक विद्यार्थिनी होती. मी निवृत्त झाल्यावर घरी येऊन मराठी शिकायची, फी वगैरे काही नाही. पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळा मराठी. वडील मागावर, आई विड्या वळणारी. दहावीला तिला ५६ टक्के पडले आणि सगळ्यांत कमी मार्क कशात असतील तर माझ्याच विषयात. मराठीत. निबंध लिहिताना ती आधी तेलुगूत विचार करायची, मग एकेक शब्द मराठीत आणायची, आणि तोवर घंटा व्हायची. गणितात मात्र पोरगी अशी की मी बी.ए. झालेला माणूस तिच्याकडे बघत बसायचो. पुढे डिप्लोमा केला, तिथे ७८ टक्के. मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, तिथेही वरच्या नंबरात. शेवटच्या वर्षी कंपनी आली आणि हिला दारातूनच परत पाठवलं. कारण? दहावी.

आता मला सांगा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीचा हिशेब तुम्ही सात वर्षांपूर्वीच्या मराठी निबंधावरून करणार? मी बोर्डाचे पेपर तपासले आहेत. मे महिन्यातला सोलापूरचा उकाडा, समोर गठ्ठा, आणि दिवसाला ठरलेले पेपर संपवायचे. मार्क आम्ही प्रामाणिकपणे दिले. पण ते दिले ते मुलाला अकरावीत जाता येईल का, एवढं ठरवायला. त्या आकड्यावर कुणी तरी पुढे माणसाची अख्खी कमाई तोलणार आहे असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तिच्या आईचं उदाहरण देतो. विड्या कारखान्यात नेऊन दिल्या की तिथे त्या तपासतात, नीट नसतील त्या बाजूला काढतात आणि त्यांचे पैसे कापतात. त्यातही अन्याय पुष्कळ होतो, मला माहीत आहे. पण निदान तिथे विडी बघतात हो! वळणारीला दहावीला मराठीत किती पडले होते असं विचारत नाहीत.

दहावीचा अडसर ओलांडला तरी सुटका नाही. मग सर्टिफिकेटं. ती विकत घ्यायची, परीक्षेची फी भरायची, आणि ती टिकतात किती? अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं प्रमाणपत्र तीन वर्षांत संपतं, पुन्हा परीक्षा. मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई एके काळी आमच्या पुतण्याने फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं होतं. कंपनीने जानेवारी २०२१ अखेर ते बंदच करून टाकलं. जावाची परीक्षा सन नावाची कंपनी घ्यायची, ती कंपनीच २०१० साली ओरॅकलने विकत घेतली आणि परीक्षेचं नाव बदललं. माझी बी.ए.ची पदवी शिवाजी विद्यापीठाची (तेव्हा आपली कॉलेजं कोल्हापूरला जोडलेली होती, सोलापूरचं विद्यापीठ २००४ चं). पन्नास वर्षं होऊन गेली, कपाटात आहे, कुणी तिला शिळी म्हटलेलं नाही. दुधाच्या पिशवीसारखी तारीख छापलेली विद्या मी याच धंद्यात पाहिली.

आम्हा शिक्षकांनाही याची चव मिळालेली आहे बरं का. २००१ साली एमएस-सीआयटी आली, पुढे सरकारी नोकरांना ती करणं भाग पडलं, नाहीतर वेतनवाढीवर गदा. माझे काही सहकारी रात्र रात्र जागून ती पास झाले. प्रमाणपत्र सेवापुस्तकात चिकटलं. आणि फाइल उघडायची वेळ आली की शिपायाच्या मुलाला हाक! त्या मुलाकडे कुठलाच कागद नव्हता. त्याला फक्त काम येत होतं.

आता दुसरा विषय. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि आयटीतली सगळी पाखरं घरट्यात परतली. जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, अगदी साखर पेठेतल्या जुन्या वाड्यांतसुद्धा लॅपटॉप उघडले गेले. तेव्हापासून काही जण पूर्णवेळ, काही जण आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करतात. त्यामुळे कंपनीचं ऑफिस म्हणजे आमच्या घराची माडी. आणि माडीवरची अवस्था अशी: दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन नेटं, त्यांचे दोन राउटर, तिसरा मोबाईल, कारण ही दोन्ही एकदम जातात. इन्व्हर्टर. त्याची बॅटरी. बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन. हे सगळं पोरांच्या खिशातून.

मी रिकामटेकडा असल्यामुळे यात बरंच डोकं घातलं. लाईट गेली की इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर वेळ घेतो. पंख्याला तो कळत नाही, राउटर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यात मीटिंग तुटते. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते केलं की हा त्रास कमी होतो. आमच्या घरात चार इंजिनिअर, पण हे सांगितलं गल्लीतल्या वायरमनने. आणि खरी मेख पुढेच आहे. घरचा राउटर इन्व्हर्टरवर चालू आहे, दिवे लुकलुकताहेत, तरी नेट नाही. का? तर केबलवाल्याची जी पेटी चार घरं सोडून खांबावर किंवा कुणाच्या तरी गच्चीवर असते, तिलाही वीज लागते, आणि तिची बॅटरी मेलेली असते. म्हणजे तुम्ही घरात दहा हजार खर्च करा नाहीतर पन्नास हजार, सगळी मदार त्या पेटीवर. फोन केला तर उत्तर ठरलेलं, "सर, वरूनच लाईन गेल्याय." हे वर म्हणजे कुठे, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

विजेचंही तेच. सोलापूरच्या उशाला आहेरवाडी-फताटेवाडीत एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं केंद्र आहे, ६६० चे दोन संच, २०१७ आणि २०१९ पासून सुरू. वीज तयार होण्याची अडचण आता ती नाही जी २००५ च्या भारनियमनात होती. अडचण शेवटच्या खांबापासून घरापर्यंतची आहे. वळवाचं वारं सुटलं, फांदी तारेला लागली, संपलं. बरं, कायदा नाही असंही नाही. २००३ च्या वीज कायद्यात सेवेची मानकं आणि ती मोडली तर ग्राहकाला भरपाई अशी सोय आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २००५ मध्ये त्याचे विनियम केले, २०१४ आणि २०२१ मध्ये ते नव्याने काढले. नेटच्या दर्जाचेही नियम ट्रायने २००६ मध्येच केले आणि २०२४ मध्ये नवे आणले. तुमच्यापैकी किती जणांनी भरपाई मागितली? मी कोपऱ्यातल्या त्या नऊ जणांना विचारलं. एकानेही नाही. एक तर म्हणाला, "मामा, तेवढ्या वेळात मी एक कोर्स पूर्ण करीन."

बघा! यंत्र बंद पडलं तरी हा आणखी एक सर्टिफिकेटच करणार.

जरा गुरुजींचा हिशेब करू. महिन्याचे तास ७२०. साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग, तर महिन्यातले २८८ तास, म्हणजे बारा दिवस, नेट बंद ठेवूनही लाईन पहिल्या वर्गात पास. तुम्ही म्हणाल, छे, आमची लाईन ९८ टक्के चालते. चालत असेल. दोन टक्के म्हणजे चौदा तासांहून जास्त, आणि ते चौदा तास रात्री दोनला येत नाहीत, दुपारी अकराला येतात.

तर ती विद्यार्थिनी. दहावीची अट नसलेल्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं. ऑनलाइन. घरात माग, खोली एकच, म्हणून ती मावशीकडे जाऊन बसली. मुलाखत सुरू झाली, पंचवीस मिनिटं चांगली गेली आणि लाईन गेली. तिने मोबाईलवरून जोडून बघितलं, रेंज दोन काड्या. अकरा मिनिटांनी परत आली तर समोर कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेल आला की उमेदवाराने स्थिर जोडणीची खबरदारी घेणं अपेक्षित होतं. मी तो मेल स्वतः वाचला आहे. खबरदारी कुणी घ्यायची, तर मागावरच्या कामगाराच्या मुलीने. खांबावरच्या पेटीने नाही, केबलवाल्याने नाही, आणि घरच्या जोडणीवर मुलाखती घेऊन आपलं जागेचं भाडं वाचवणाऱ्या कंपनीने तर नाहीच.

पुण्याचा भाचा यावर माझ्याशी दोनदा भांडलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की एका जागेला हजारोंनी अर्ज येतात, कुठेतरी चाळणी लावावीच लागते, आणि मार्कांइतकी स्वस्त चाळणी दुसरी नाही. स्वस्त आहे हे कबूल. पण चाळणी कुठल्या धान्याची? मंगळवेढ्याची टपोरी ज्वारी राजगिऱ्याच्या चाळणीतून काढायला गेलात तर खाली काहीच पडणार नाही आणि तुम्ही म्हणाल, यंदा पीकच नाही. सोलापुरात गिरण्या १८७७ पासून चालल्या. मागाच्या मास्तरला कामावर घेताना मालक त्याला बिघडलेल्या मागापुढे उभा करायचा आणि म्हणायचा, चालवून दाखव. आवाजावरून ज्याला दोष कळला तो मास्तर. आज हजारो जणांना एकाच वेळी बिघडलेला प्रोग्रॅम देऊन "चालवून दाखव" म्हणणं तर संगणकामुळे उलट सोपं झालंय. मग ती परीक्षा द्यायलाच दहावीचे साठ टक्के कशाला?

आणि हे स्वप्नरंजन नाही. झोहो या कंपनीने २००५ च्या सुमारास शाळा संपवलेल्या मुलांना घेऊन, स्वतः शिकवून, त्यांना प्रोग्रॅमर करायला सुरुवात केली. पदवीची अट नाही. तमिळनाडूत तेन्काशीसारख्या लहान गावाजवळ त्यांचं मोठं ऑफिस आहे. तेन्काशी काही बंगळूर नाही. आपल्यापेक्षा लहानच गाव.

सोलापुरात आयटी पार्क होणार अशी घोषणा २०२५ साली झाली. आनंद आहे. जागा, इमारत, काचा, फीत, सगळं होऊ द्या. पण त्या इमारतीच्या दारात जर पुन्हा दहावीची गुणपत्रिका मागणार असाल, तर पूर्व भागातली पोरं बाहेरच्या चहाच्या टपरीवर दिसतील आणि आत पुण्याहून रोज येणारी-जाणारी. आणि पार्कमध्ये दोन-दोन जनरेटर, पण गावातल्या खांबावरच्या पेटीत मेलेली बॅटरी, असं असेल तर त्याचा गावाला उपयोग काय?

असो. आता मुद्द्याचं. आमच्या नऊ जणांपैकी तिघं स्वतः मुलाखती घेतात हे मला माहीत आहे. अर्जाचा नमुना कसा असावा हे त्यातल्या एकाच्या सहीने ठरतं. नाव लिहीत नाही, घरात राहायचंय. पण तो हे वाचतो. बाबा रे, तो दहावीच्या टक्क्यांचा रकाना काढून टाक. आणि मुलाखतीत लाईन गेली तर दुसरी वेळ द्यायची, असं एक वाक्य त्या नमुन्यात घाल. दिवाळीला येशील तेव्हा झालं का विचारणार आहे. त्या मुलीचा अर्ज मी तुझ्याकडे पाठवणार नाही, तिने मला तशी ताकीद दिली आहे. ती सध्या चाटी गल्लीतल्या एका कापड व्यापाऱ्याचा हिशेबाचा प्रोग्रॅम दुरुस्त करून देते आहे. त्याने तिला एकच प्रश्न विचारला, कधीपर्यंत होईल.