आतड्याने काय घोडं मारलंय?

मंडळी, 'स्टेंट' म्हटलं की आपल्याला हृदयच आठवतं. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधून दिली. साधा ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० (कर वेगळा). आपण टाळ्या वाजवल्या, आणि ते बरोबरच होतं. पण स्टेंट आतड्यातही घालतात, आणि त्याला ही मर्यादा लागू नाही!

मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ वाढली की वाट बंद होते. पोट फुगतं, उलट्या होतात, शौच-वारा काही सरत नाही. मग एकतर ऑपरेशन करून आतड्याचं तोंड पोटावर काढायचं आणि तिथे पिशवी लावायची. नाहीतर दुर्बिणीतून धातूच्या जाळीची नळी आत सरकवायची. निकेल-टायटॅनियमची ही नळी आत गेल्यावर आपोआप फुलते आणि वाट मोकळी होते. कॅन्सर तिथेच राहतो. म्हणजे आपल्या भाषेत हा बगफिक्स नव्हे, वर्कअराउंड. पण ज्याच्या हातात थोडेच महिने आहेत, त्याला चार घास सुखाने खाता येणं ही लहान गोष्ट नाहीये.

तुम्ही म्हणाल, ही तर मुंबईकरांची चैन. मला नेमकं उलटं वाटतं. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतली आजी डोळ्यांसमोर आणा. परळचं टाटा हॉस्पिटल तिथून दोनशेच्या आसपास किलोमीटर. पिशवी बदलायची, कातडी जपायची, नव्या पिशव्या आणायच्या, तेही कोकणातल्या पावसात. स्टेंट नीट बसला तर पिशवी टळते, हॉस्पिटलातले दिवस कमी होतात. मग त्याची गरज जास्त कोणाला, तिला की आपल्याला?

स्टेंट निर्धोक नाही, हे कबूल. आतडं फाटू शकतं, नळी सरकू शकते, गाठ जाळीतून वाढून वाट पुन्हा बंद होऊ शकते. अडथळे अनेक ठिकाणी असले तर सहसा उपयोग होत नाही. तरीही बरा न होणाऱ्या कॅन्सरमध्ये मोठं आतडं अडलं, तर युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ आणि २०२० या दोन्ही वेळा स्टेंटलाच पसंती दिलीय. निर्णय डॉक्टर आणि घरच्यांनी मिळून घ्यावा. पण दुसरा पर्याय सांगितलाच नाही, तर निर्णय कसला डोंबलाचा?

'खेड्यापाड्यात हे कुठलं जमायला?' म्हणणाऱ्यांनी महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आठवावेत. विंचूदंशावर प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून त्यांनी माणसं वाचवली, आणि महाडचं ते काम 'लॅन्सेट'पर्यंत पोचलं. स्टेंटला दुर्बीण, एक्स-रे आणि सरावलेला हात लागतो, त्यामुळे तो प्रत्येक तालुक्यात होणार नाही. पण अलिबागला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथे सोय का नको?

किंमत बांधा, जिल्ह्यात सोय करा आणि दोन्ही पर्याय पेशंटला मराठीत समजावून सांगा. मागणी एवढीच. हृदयाला जमलं ते आतड्याला का जमू नये?

असो. पटतंय का बघा.